खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर कसं बघायचं

पहिल्यांदा खिद्रापूरला येणारी माणसं देवळात साधारण अर्धा तास असतात. आत शिरतात, मधोमध छत नसलेल्या स्वर्गमंडपात उभं राहून मोबाईल आभाळाकडे धरतात, पिंडीला हात जोडतात, बाहेरून एक प्रदक्षिणा मारतात आणि गाडी नरसोबावाडीकडे वळते. एवढ्या लांब येऊन त्यांच्या पदरात फार थोडं पडतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दर हिवाळ्यात सातवी-आठवीची मुलं घेऊन या देवळात यायचे, आणि निवृत्तीनंतरही येते. हे देऊळ अर्ध्या दिवसात नीट बघायचं तर काय करावं, ते त्या अनुभवावरून लिहिते आहे.

खिद्रापूर कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर आहे. पलीकडे कर्नाटक सुरू होतो. कोल्हापूरहून अंतर साधारण 60 किलोमीटर. रेल्वेनं येणाऱ्यांना जयसिंगपूर किंवा मिरज जवळ पडतं. नरसोबावाडी, कुरुंदवाड आणि मग उसाच्या फडांमधून जाणारा रस्ता. पावसाळ्यात येऊ नका. कृष्णेला पूर आला की या भागाचे रस्ते बंद होतात, 2019 च्या महापुरात तर अख्ख्या तालुक्याचे हाल झाले होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस, आणि त्याचं कारण थंडीपेक्षा उन्हाची दिशा आहे.

पिशवीत काय घ्यायचं

एक छोटा टॉर्च, एक हातात मावणारा आरसा, बिनरेघांची वही, 2बी किंवा 4बी पेन्सिल, आणि सहा इंची पट्टी. पाण्याची बाटली आणि टोपी तर हवीच. टॉर्च आणि आरसा कशासाठी ते पुढे येईल. पट्टी फोटोसाठी: एखाद्या नक्षीचा फोटो काढताना शेजारी पट्टी धरली नाही तर घरी आल्यावर ते फूल तळहाताएवढं होतं की ताटाएवढं, हे कुणालाच सांगता येत नाही. पट्टी दगडाला टेकवायची नाही, शेजारी हवेत धरायची.

वहीबद्दल मी हट्टी आहे. "मला चित्र येत नाही" असं पालक म्हणतात, मुलं कधी म्हणत नाहीत. इथे चित्र चांगलं यायची गरजच नाही. हात रेघ ओढत असतो तेवढा वेळ डोळा एका जागी थांबतो, आणि या देवळाला तेवढंच हवं असतं. फोटो काढणारा माणूस तीन सेकंदांत पुढे सरकतो. हत्तीचा एक पाय काढायचा म्हटलं तरी दहा मिनिटं जातात, आणि त्या दहा मिनिटांत त्या पायातल्या तोड्याला किती पेड आहेत ते दिसतं.

आधी बाहेरून, आणि दक्षिणेकडून

सकाळी आठच्या आसपास पोहोचा. देवळाचं तोंड पूर्वेला आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे झुकून उगवतो, त्यामुळे सकाळचं ऊन दक्षिणेच्या भिंतीवर समोरून न येता घासून जातं. असं तिरकं ऊन पडलं की कोरीव कामातल्या प्रत्येक उंचवट्याला सावली मिळते. पैंजणाची कडा, मेखलेचे पदर, बोटांमधल्या फटी, सगळं वर उठून येतं. हीच भिंत दुपारी बाराला बघितलीत तर अर्धी मूर्ती तिच्याच सावलीत बुडालेली असते. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात थेट ऊन मिळतच नाही, तिथे दिवसभर सारखा मऊ उजेड असतो. म्हणून ती शेवटी ठेवा, रेखाटनाला तो उजेड फार चांगला.

बघायला सुरुवात खालून करायची. डोळा आपसूक वर जातो, पण या देवळाचं सगळ्यात जिवंत काम कमरेच्या खाली आहे. पायाच्या थरांवर हत्तींची रांग देवळाभोवती फिरते, त्याला गजथर म्हणतात. नव्वदीच्या घरात हत्ती आहेत, जणू सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर तोललेलं आहे, आणि हत्तींच्या पाठीवर देवदेवता बसलेल्या आहेत. मुलांना मी एकच काम देते: दोन अगदी सारखे हत्ती शोधून दाखवा. मुलं पळतात, ओरडतात, "बाई, हे बघा सापडले!" आणि मग त्यांच्यातलंच कुणीतरी खाली बसतं आणि म्हणतं, नाही, याच्या गळ्यातली घंटा गोल आहे आणि त्याच्या गळ्यात नुसती साखळी आहे. झुलीची किनार वेगळी, कानाची दुमड वेगळी. एकाच थरावर काम करणाऱ्या कारागिरांना एकच हत्ती पुन्हा पुन्हा उतरवणं सोपं गेलं असतं. त्यांनी ते केलं नाही.

बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, वरच्या मूर्तींचे हात, चेहरेही. गावात याचा संबंध औरंगजेबाच्या स्वारीशी जोडतात. तुटलेला हत्ती ओलांडून पुढे जाऊ नका. सोंड तुटली तिथे दगडाचा आतला रंग दिसतो, बाहेरच्या शतकांच्या काळपटपणाखाली हा बेसाल्ट मुळात कसा होता ते कळतं, आणि इतक्या कठीण दगडातून सोंडेसारखा पुढे आलेला, अंगापासून सुटा भाग काढायला किती नेट लागला असेल त्याचा अंदाज येतो.

हत्तींच्या वर भिंतीचा मुख्य भाग, मंडोवर. इथे देव आहेत आणि सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या सुंदर स्त्रिया, आहेत. देव ओळखायचा तर चेहऱ्याकडे बघू नका, चेहरे बहुतेक झिजलेले आहेत. आधी हातात काय आहे ते बघा, मग पायाशी कोणता प्राणी आहे ते. सुरसुंदरींच्या बाबतीत उलटं: त्यांच्याकडे वाहन नाही, त्यांची ओळख त्या काय करताहेत यात असते. कुणी आरशात बघते, कुणी नाचते, कुणी वाद्य वाजवते. इथे वहीत एकच ओळ लिहा, "उजवा पाय कुठे आहे?" उभं राहण्याची ढब पायात असते. शरीराचा भार एका पायावर, कंबर त्या बाजूला, खांदे उलट्या बाजूला, मान परत पहिल्या बाजूला. ही वळणांची रेघ आधी काढा, दागिने मागाहून. मी स्वतः ही गोष्ट चित्रकलेच्या वर्गात शिकले त्याहून जास्त या दक्षिणेच्या भिंतीपाशी शिकले.

भिंतीच्या वरचं बांधकाम बघितलंत तर खालच्या दगडाशी त्याचा मेळ बसत नाही, ते नंतरच्या काळातलं आहे. तिथे फार वेळ घालवू नका.

शिलालेख: टॉर्च आडवा धरा

दक्षिणेच्या दाराशी देवनागरीतला संस्कृत शिलालेख आहे, यादव राजा सिंघणाचा, शके 1136 चा. देवळाच्या इतिहासातला हा सगळ्यात पक्का धागा, म्हणून इथे जरा थांबा.

शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे 1214. जुन्या लेखांत कधी चालू वर्ष मोजतात, कधी सरलेलं, त्यामुळे एक वर्ष इकडे-तिकडे होतं, पुस्तकांत 1213 दिसलं तर गोंधळू नका. लेखात कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी गावं दिल्याचं नोंदलं आहे. त्यात जुगूळ आणि शिरगुप्पी ही नावं आहेत, आणि ही दोन्ही गावं आजही नदीपलीकडे नांदती आहेत. हे सांगितलं की वर्गातलं एखादं पोर हमखास म्हणतं, "बाई, माझी मावशी जुगूळला असते." आठशे वर्षांपूर्वीचा दगड आणि मावशीचं गाव एका वाक्यात येतात, त्यासाठी मी तो लेख कधीही चुकवत नाही.

आता हिशोब करा. सिंघणानं कोल्हापूरच्या शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याचा पाडाव केला तो 1212 च्या सुमारास. लगेच दोनेक वर्षांत त्यानं या देवाला गावं दिली. म्हणजे देऊळ तेव्हा उभं होतं, पूजा चालू होती, आणि नव्या राज्यकर्त्याला त्याची दखल घ्यावीशी वाटली. देवळाचं बांधकाम अभ्यासक बाराव्या शतकातल्या शिलाहारांशी जोडतात, गंडरादित्याचं नाव त्यात विशेष घेतलं जातं. आणि यातूनच आणखी एक गोष्ट सुटते. आपल्याकडे जुनं दगडी देऊळ दिसलं की "हेमाडपंती" म्हणायची सवय आहे. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. कोपेश्वराला गावं मिळाली तेव्हा हेमाद्रीच्या कारभाराला अजून निदान चाळीस-पन्नास वर्षं अवकाश होता. तेव्हा या देवळाला हेमाडपंती म्हणू नका, शिलाहारांचं देऊळ म्हणा. ज्यांनी बांधलं त्यांचं नाव त्यांना मिळायला हवं.

लेख वाचायचा कसा? नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एक चूक केली होती, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. अक्षरं मुलांना दिसावीत म्हणून मी खडूची पूड बोटानं त्यात भरायला लागले. एक वयस्कर अभ्यासक तिथे होते, त्यांनी माझा हात धरला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही अक्षर वाचत नाही, तुम्ही ते लिहिताय." खडू भरला की जिथे तुम्हाला काना वाटतो तिथे काना उमटतो, मग तो मुळात असो वा दगडाची चीर असो. पूड दगडाच्या छिद्रांत बसते ती पावसानंही पुरती निघत नाही. तेल, पाणी, पीठ, खडू, यातलं काहीही लेखाला लावायचं नाही, बोटही फिरवायचं नाही.

त्यांनीच टॉर्चची युक्ती शिकवली. टॉर्च अक्षरांसमोर धरला तर सगळं सपाट दिसतं. तो दगडाला जवळजवळ समांतर, एका बाजूला हातभर अंतरावर धरा. आधी डावीकडून, मग वरून. उभ्या रेघा एका उजेडात दिसतात, आडव्या दुसऱ्या. ऊन मध्ये येत असेल तर कुणाला तरी छत्री धरायला लावा. सगळा लेख लावायच्या मागे लागू नका, आधी ओळखीचं एखादं अक्षर शोधा. त्या काळच्या देवनागरीत पडीमात्रा दिसते, म्हणजे आज आपण डोक्यावर देतो ती मात्रा अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी येते. त्यामुळे "के" हे "ाक" असं दिसतं. एवढं एक कळलं की सातवीतलं मूलही दोन-चार शब्द सोडवतं.

देवळात कन्नड लेखही आहेत, जुन्या कन्नडमधले. आमच्या भागात घरी कन्नड बोलणारी मुलं पुष्कळ. मराठी शाळेत मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी होती, तिनं त्यातली तीन अक्षरं ओळखली आणि त्या दिवशी सगळा वर्ग तिच्या मागं फिरत होता.

स्वर्गमंडप

आता आत या. पूर्वेचा स्वर्गमंडप म्हणजे 48 खांबांचा, मधोमध छत नसलेला गोल मंडप. वरचं मोकळं वर्तुळ साधारण 13 फुटांचं, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच गोल अखंड शिळा. लोक थेट त्या शिळेवर जाऊन उभे राहतात. तुम्ही आधी कडेनं फिरा. खांब एकेक करून बघा: तोच खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल होत जातो. हे आकार एकमेकांत कुठे बदलतात ती जागा बोटानं हवेतच रेखून बघा, कारण तिथेच हिशोब चुकायची सगळ्यात जास्त शक्यता होती. चौकोनाचे कोपरे छाटले की अष्टकोन, अष्टकोनाचे छाटले की सोळा बाजू, आणि मग गोल. वहीत चौकोन काढून खोडरबरानं कोपरे पुसत गेलात तर कारागिरानं काय केलं ते हातानं कळतं.

वरच्या वर्तुळाच्या कडेशी, आतल्या 12 खांबांच्या वर, कार्तिकेय आणि अष्टदिक्पाल, म्हणजे आठ दिशांचे राखणदार देव, आपापल्या वाहनांसह आहेत. मान वर करून दोन मिनिटांत मानेला रग लागते, इथे आरसा काढायचा. कमरेपाशी आडवा धरा आणि खाली बघत बघत हळूहळू फिरा. मूर्ती उलट्या दिसतील याची लगेच सवय होते. दिक्पालांचा खेळ असा: रेडा सापडला की तो यम, म्हणजे ती दक्षिण. मग उरलेल्या दिशा होकायंत्राशिवाय लावा. हत्तीवरचा इंद्र पूर्वेला, मेंढ्यावरचा अग्नी आग्नेयेला, मगरीवरचा वरुण पश्चिमेला, हरणावरचा वायू वायव्येला. नंतर मोबाईलचं होकायंत्र काढून ताळा करा.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या वर्तुळाच्या बरोबर वर येतो, हे तुम्ही ऐकलं असेल. ते तसं का घडतं हे मात्र फार थोडे सांगतात. खिद्रापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पावणेसतरा अंशांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. म्हणून कार्तिकात, सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना, पौर्णिमेचा चंद्र आकाशात जवळपास त्याच वाटेनं जातो जिथून मे महिन्यात सूर्य जातो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास माथ्यावर येतो. चंद्राची वाट दरवर्षी थोडी सरकते, त्यामुळे एखाद्या वर्षी प्रकाशाचं वर्तुळ शिळेवर चपखल बसतं, एखाद्या वर्षी वीतभर बाजूला. त्या रात्री गर्दी फार असते. तुम्हाला शांतपणे बघायचं असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी या. ऊन कडक असेल, पण तोच खेळ सूर्य करून दाखवतो: उजेडाचं वर्तुळ शिळेच्या पश्चिमेच्या कडेकडून सरकत येतं, शिळा भरते, आणि काही मिनिटांत पूर्वेकडे निसटायला लागतं. आम्ही एकदा दर पाच मिनिटांनी त्या वर्तुळाची कड वहीत टिपली होती. ती वही माझ्याकडे अजून आहे.

आत अंधारात

सभामंडपात पाऊल टाकलं की काही दिसत नाही. टॉर्च लावू नका. खांबाला न टेकता तीन-चार मिनिटं उभं राहा. दगडी जाळ्यांमधून येणारा उजेड हळूहळू पुरेसा वाटू लागतो, आणि खांब एकामागून एक वर येतात. बाहेरच्या उन्हातून थेट गाभाऱ्याकडे धावणाऱ्याला हा मंडप दिसतच नाही.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. कथा अशी सांगतात की दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, तिथे तिनं देह ठेवला, आणि शंकर कोपला. तो कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर. नंदी सतीबरोबर गेला म्हणून या शिवमंदिरात नंदी नाही. तो कृष्णेच्या काठावरच कर्नाटकातल्या यडूरला आहे, असं म्हणतात. मुलांना मी ही गोष्ट आधी सांगत नाही. "या देवळात काय नाही?" एवढंच विचारते आणि थांबते. पाच मिनिटांनी कुणाला तरी नंदी आठवतो. मग गोष्ट ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

इथे रोज पूजा होते. चपला बाहेर, गाभाऱ्याचा फोटो पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय नाही, आरती चालू असेल तर वह्या बंद. हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिपाई लावून फोटो काढायचे असतील तर परवानगी आधी घ्यावी लागते. आणि एक विनंती. हत्तींच्या पाठीवर मुलांना बसवून फोटो काढू नका. दरवेळी मला कुणीतरी तसं करताना दिसतं, दरवेळी मी जाऊन सांगते, आणि बहुतेक माणसं लगेच मूल उतरवून घेतात, कारण त्यांना तोवर कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्हीही सांगा.

परतण्याआधी

गावातच आदिनाथाचं जुनं जैन मंदिर आहे, चालत जाण्याइतकं जवळ. लहान आहे, पण कोपेश्वर बघून झाल्यावर तिथले खांब बघितले की हात ओळखीचे वाटतात. अर्धा तास पुरे.

मग परत येऊन कोपेश्वराची उत्तरेची बाजू. दिवसभरात जी एक गोष्ट डोक्यात राहिली असेल, तीच आता काढा: एक घंटा, एक पाऊल, खांबाचा एक जोड. एकच, आणि कागदभर मोठी. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि ती गोष्ट कोणत्या दिशेच्या भिंतीवर, कोपऱ्यापासून कितवी आहे ते लिहा. 11 वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या वहीत "उत्तर, पूर्वेकडून सातवा हत्ती, मागचा डावा पाय" असं लिहिलेलं होतं. गेल्या डिसेंबरात तो आपल्या बायकोला घेऊन आला, मला हाक मारली, आणि वही न उघडता आम्हाला सरळ त्या पायापाशी घेऊन गेला.